हौद फोडला, आता तिथे काय?

कोल्हापूर,
होळीच्या आदल्या दिवशी

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही कपाटात आहेत. दोन्ही वेळा कागद काढला आणि ठेवून दिला. आज लिहितेय, कारण परवा मागचा हौद फोडला. इथे कुणालाही सांगितलं तरी 'बरं झालं, जागा मोकळी झाली' एवढंच म्हणतात. तुला तसं वाटणार नाही, हे मला माहीत आहे.

फोडावाच लागला गं. २०१९ च्या पुरात पंप पाण्याखाली गेले, नळ कोरडे पडले, तेव्हा अख्ख्या गल्लीला तो पुरला. पण पुढे दोन बाजूंनी झिरपायला लागला आणि भिंत आईच्या खोलीकडे कलली. भिंती गेल्या, तळ तसाच आहे: ८ फूट बाय ६ फूट, घडीव दगडाचा, जमिनीपासून अर्धा फूट वर. मोरीकडे त्याला दोन इंचाचा उतार आहे. कठड्याचा तो दगड, घागर ठेवून ठेवून खोलगट झालेला, मी गवंड्याच्या हातून काढून घेतला. कुठला ते तुला सांगायला नको.

आई बरी आहे, गुडघा तसाच. माझी गोळी चालू आहे.

आता खरी गोष्ट. दादाला चिंगीसाठी बागेतलं खेळघर घ्यायचंय. तयार, प्लास्टिकचं, लाल छप्पर आणि हिरव्या खिडक्यांचं, १८ हजारांचं. ती साडेतीन वर्षांची झाली. वहिनीला ते पुढच्या हिरवळीवर, फाटकाजवळ हवंय. माझं मत विचारलं, कारण फर्निचर आणि फॅब्रिकेशनची कामं मीच करून घेते ना. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

आधी हिशेब केला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे मूल बाहेर खेळणार नाही. राहिले ८ महिने, म्हणजे ३५ आठवडे. आठवड्यातून ४ दिवस खेळली तर वर्षाला १४० दिवस, तीन वर्षांत ४२०. दिवसाला ४३ रुपये पडले. हे परवडतं, मी दादाला तसं सांगितलंही. पण फक्त शनिवार-रविवारी गेली तर तोच आकडा ८६ वर जातो. आणि तीन वर्षं तरी मिळतील का? या घरांची दारं तीन फुटांच्या आसपास असतात. चार वर्षांचं मूल साधारण १०३ सेंटिमीटर, सहा वर्षांचं ११६. म्हणजे चिंगी पहिलीत जाईपर्यंत तिला कमरेत वाकून आत जावं लागणार. पोरं वाकतात, त्याची अडचण नाही. पण दोन मैत्रिणी घेऊन आत बसायचं म्हटलं की गुडघे भिंतीला टेकतात आणि मग त्या घरात सायकल, बादली आणि झाडू राहायला जातात.

मी दुकानात जाऊन भिंत अंगठ्याने दाबून पाहिली. आत जाते आणि 'टक्' करून परत येते. ही ब्लो मोल्डिंगची, म्हणजे साच्यात गरम प्लास्टिक फुगवून केलेली, पोकळ दुपदरी भिंत. वाईट नाही, हलकी असते, कोपरे गोल असतात, पडलं तरी डोकं फुटत नाही. पण दोन भिंती जोडणारी खुंटी प्लास्टिकचीच आहे, आणि उन्हाने आधी तीच जाते. आमच्या मागच्या गल्लीत असलं एक घर तीन उन्हाळे बाहेर उभं आहे. छपरावरून बोट फिरवलं तर खडूसारखी गुलाबी पूड बोटाला लागली. वरचा थर असा भुगा व्हायला लागला की आतलं प्लास्टिकही कडक होतं आणि एक दिवस लाथेने तडकतं. म्हणून असलं घर घेणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगते: ऊन सोसणारं, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड प्लास्टिक आहे का ते लेखी घे, जास्तीच्या खुंट्या त्याच दिवशी मागून घे, आणि आयएसआयचा शिक्का बघ. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. घसरगुंडी, झोपाळा असल्या घरगुती खेळण्यांसाठी आयएस ९८७३ या भारतीय मानकाचा चौथा भाग आहे. दुकानदार शिक्का दाखवत नसेल तर सरळ बाहेर पडावं.

आणि वळीव! ते खोकं दोन माणसं सहज उचलतात. एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं की ते शेजारच्यांच्या गच्चीवर. जमिनीत लोखंडी सळ्या ठोकून बांधता येतं, पण पुढची हिरवळ काळ्या मातीवर आहे. ती माती मे महिन्यात हातभर भेगाळते आणि जुलैत फुगते. वर ठेवलेलं काहीही सहा महिन्यांत तिरकं होतं, दार अडकतं, सळ्या सैल पडतात. ती माती काढून चार-सहा इंच मुरूम भरून ठोकला तर थोडं टिकेल. तेवढा खर्च मात्र त्या १८ हजारांत कुणी धरत नाही.

तू म्हणशील, लाकडाचं घ्या. (तुला लाकूडच आवडतं. दहावीच्या सुट्टीत माझी पट्टी मोडून बाहुलीचा पलंग केलास, ते मी अजून विसरले नाही. आणि पट्टी 'आधीच तडकलेली' नव्हती.) तयार लाकडी घरं बहुतेक पाईनची. थंड मुलखाला ती ठीक. आपल्या पावसात पाईन पाणी पितं आणि वाळवीला तर मेजवानीच. काहीजण गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या कारखान्यांकडून भंगारातले पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, आणून त्याचं घर करतात. स्वस्त पडतं, पण प्रत्येक फळीवरचा शिक्का वाचावा लागतो. एचटी लिहिलं असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेला, ते पोरांसाठी अजिबात नको. शिवाय आतली खिळ्यांची तुटकी टोकं काढायला सुताराचा दिवस जातो. सागाचं केलं तर उत्तम, पण कडेचा पांढरट भाग वाळवी खाते, आणि बाजारातल्या स्वस्त सागात तोच भाग जास्त. वर कुणीतरी गॅरेजमधलं काळं ऑइल फासायचा सल्ला देतंच. कुंपणाच्या खांबाला ठीक आहे गं, पण ज्या लाकडाला हात लावून पोर तेच बोट तोंडात घालणार, त्याला नको.

दादाला एकदा असंही वाटलं की दोन फूट उंचावर घर आणि त्याला घसरगुंडी असं घ्यावं. त्याला मी साफ नाही म्हटलं. उंची आली की पडणं आलं, आणि पडण्यासाठी खाली गवत पुरत नाही, फूटभर सैल वाळू लागते. ती वाळू मांजरांपासून राखायची कोणी? कठड्याच्या गजांमधलं अंतरही बघायला हवं. ८९ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि २३० पेक्षा कमी असेल तर पोराचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. म्हणून गज साडेतीन इंचांच्या आत बसवतात. रात्री दिवा लावून मी हे त्याला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे गप्प बसला.

मग हौदाच्या तळावर उभी राहिले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा डोकं शांत झालं. अगं, पाया तर तयारच आहे! त्याच्या खाली आजोबांच्या काळची दगडसोलिंग, म्हणजे ठोकून बसवलेल्या दगडांचा थर आहे, तो हलत नाही. उतार आहे, मोरी आहे, पाणी साचत नाही. हे महत्त्वाचं, कारण डेंग्यूच्या डासाला बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही चालतं, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. वहिनी म्हणाली सिमेंट घालून सपाट करू. मी करू दिलं नाही.

तर माझ्या मनात असं आहे. ५ फूट बाय ४ फुटांचं घर, एकपाखी (छप्पर एकाच बाजूला उतरतं), पुढे ५ फूट उंच, मागे ४ फूट. फुटाला ३ इंच उतार झाला, पावसाला पुरे. चिंगी दहा वर्षांची झाली तरी पुढच्या बाजूला ताठ उभी राहील. सांगाडा ४० बाय ४० मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी लोखंडी पाइपचा. सहा मीटरचे चार पाइप लागतात, वजन ५० किलोच्या आसपास. उद्यमनगरात वेल्डिंग करून घेईन. वेल्डिंगचे छर्रे ग्राइंडरने घासून घ्यायचे, पाइपची उघडी तोंडं बंद करायची, नाहीतर त्यात पाणी आणि गांधीलमाश्या दोन्ही. मग गंज न चढण्यासाठी रेड ऑक्साइडचा हात, त्यावर दोन हात रंग. रंगाचा नवा डबा घेणार, ज्यावर शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत असल्याचं लिहिलेलं असतं. आपल्या माळ्यावरचे जुने डबे वापरणार नाही.

भिंती फक्त दोन फुटांपर्यंत. १२ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० छापलेला. साध्या कमर्शियल प्लायवर आयएस ३०३ असतं, तो आपल्या एका पावसाळ्यात कडेने पापडासारखा फुगतो. आणि बघ कसं जुळतं: ८ बाय ४ ची एक शीट उभी चिरली की २ फुटी दोन पट्ट्या. एकीतून ५ फुटांची मागची भिंत, दुसरीतून ४-४ फुटांच्या दोन बाजू. उरतो ३ बाय २ चा तुकडा, तो खिडकीच्या जागी आडवी फळी. तिथेच भातुकली मांडायची, तिथूनच दुकान चालवायचं. प्लायच्या कापलेल्या कडांना आधी रंग पाजायचा, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, डोकी बुडवून.

छताला रंगीत पत्रा, खाली दोन इंच हवा सोडून प्लाय. नुसता पत्रा लावला तर एप्रिलच्या दुपारी आत भट्टी होते. पत्र्याची कड दुमडून घेणार, ती सुरीसारखी असते. चारही पायांना पट्ट्या, आणि दगडात अँकर बोल्ट, कडेपासून निदान चार इंच आत. कडेला भोक पाडलं तर दगड चिरतो. उतारामुळे एका बाजूच्या पायांखाली सव्वा इंचाची पॅकिंग लागेल.

जमीन वेगळी करायची नाही, दगडावर चटई. लाकडी फरशी केली की खाली हातभर अंधार होतो आणि त्यात विंचू, घोणस, काय वाटेल ते. दारही नाही. दाराच्या कब्जाकडची फट ५ मिलिमीटरच्या आत किंवा १२ च्या वर ठेवावी लागते, नाहीतर बोट चेंगरतं. आणि कडी आली की आत कोंडून घेणं आलं. दोन फुटांची मोकळी वाट, त्यावर आईच्या साडीचा पडदा, दोरी न लोंबणारा. भिंतीचा वरचा अर्धा भाग रिकामाच. तिथे पोरं चादर लावतील, पोतं लावतील, शाळेतल्या पुठ्ठ्याची खिडकी करतील, आणि स्वयंपाकघरातून वहिनीला आतली डोकी दिसतील.

या सगळ्याला सतरा-अठरा हजार लागतील, म्हणजे तेवढेच. म्हणून दादा म्हणतो, मग तयारच का नको? त्याला मी काय उत्तर देऊ? की विकतचं घर पहिल्या दिवशीच पुरं झालेलं असतं, खिडकीसुद्धा ठरलेली असते, आणि पोरांना त्यात करायला काही उरत नाही? आपण दोघींनी त्या हौदामागे किती वेळा घर मांडलं आणि मोडलं. खिडकी कुणाच्या बाजूला यावरून तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ते भांडण विकतच्या घरात झालंच नसतं. मला हे त्याला नीट सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितेय. तू त्याला फोन कर. तुझं ऐकतो तो.

तुझ्या बदलीचं काय झालं? भावजींचा हात प्लास्टरमधून निघाला का? फ्लॅटचा ताबा मिळाला की अजून तारखाच? सविस्तर लिही, मीही आता लवकर लिहीन.

मे महिन्यात येणार असशील तर पिंट्याला घेऊन ये. तोवर दोन मापं कळव: तो मांडी घालून बसला की डोक्यापर्यंतची उंची, आणि खांद्याची रुंदी. खिडकीच्या फळीची उंची मी त्यावरूनच ठरवणार आहे, चिंगी एकटी नसणार तिथे. पाइप पुढच्या सोमवारी कापायला देते, त्याआधी मापं हवीत.

तुझीच,
माई

ता. क. तो खोलगट दगड वाटेसमोर पायरी म्हणून बसवावा की आत कोपऱ्यात चूल म्हणून ठेवावा? मला पायरी बरी वाटते. पण तुला विचारल्याशिवाय गवंड्याला सांगणार नाही.