कॉल लॉगिंग सॉफ्टवेअर आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदी चुकीच्या वाचते, याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

यादीतून एक्स्चेंजचे मॉडेल निवडा, बाकीची जुळणी आपोआप होईल, या आपल्या आश्वासनावर आम्ही हे सॉफ्टवेअर घेतले. आमचे मॉडेल यादीत आहे आणि आम्ही तेच निवडले. तरीही दर महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचे कॉल अहवालात कुठेच नसतात, आणि अजून उजाडायच्या तारखांना मात्र कॉल झालेले दिसतात.

मदत कक्षाचे उत्तर दर वेळी एकच: केबल तपासा, बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासा. केबल उत्तम आहे. एक्स्चेंजचा एसएमडीआर पोर्ट (जिथून कॉलच्या नोंदी बाहेर येतात) आणि संगणक, दोन्हीकडे ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असेच आहे. टर्मिनल प्रोग्रॅम लावला की कॉल संपताच स्वच्छ ओळ येते: तारीख, वेळ, एक्सटेन्शन, ट्रंक (बाहेरची लाइन), फिरवलेला नंबर, कालावधी. वेग जुळत नसता तर तिथे नुसती अगम्य चिन्हे उमटली असती.

दोष आपल्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आमच्या मॉडेलची ओळ कशी वाचायची ते ठरवणाऱ्या साच्यात आहे. आमचे एक्स्चेंज आधी दिवस आणि मग महिना पाठवते; टेम्प्लेट पहिला आकडा महिना समजते. म्हणून ०५/०३, म्हणजे ५ मार्चचा कॉल, ३ मेला जाऊन बसतो. १३/०३ आली की तेरावा महिनाच नसल्याने ती ओळ टाकून दिली जाते. आम्ही पाठवलेली फाइल आपल्या तंत्रज्ञांनी एकदा उघडली असती तरी हे लगेच दिसले असते.

एक्स्चेंजचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) बदलले की ओळीची मांडणी बदलते, त्यामुळे टेम्प्लेट चुकणे आम्ही समजू शकतो. न जुळलेली ओळ गुपचूप फेकून देणे मात्र अक्षम्य आहे. इशारा नाही, नोंद नाही, आणि पडद्यावर 'जोडणी सुरू' असा हिरवा दिवा! याच अहवालावरून आम्ही फोनचा खर्च विभागांत वाटतो. महिनाअखेरीस ज्यांचे फोन वाढतात त्यांच्या नावावर शून्य, आणि त्यांचा भार इतरांवर. शिवाय ऑपरेटरने कॉल घेऊन आत जोडून दिला की एक्स्चेंज दोन ओळी पाठवते. त्याही दोन वेगळे कॉल म्हणून मोजल्या जातात.

टेम्प्लेट दुरुस्त करून द्यावे. चुकीच्या तारखांच्या नोंदी काढून, आम्ही साठवलेल्या कच्च्या फाइलवरून जुने अहवाल नव्याने तयार करून द्यावेत. यापुढे न जुळलेली प्रत्येक ओळ वेगळ्या फाइलमध्ये राहावी आणि तिचा इशारा ईमेलने मिळावा. हे जमणार नसेल तर परवान्याची पूर्ण रक्कम परत करावी.

कच्च्या ओळींचा नमुना, फोन नंबर झाकून, सोबत जोडला आहे. उत्तर लिहिण्याआधी तो उघडून पाहावा, ही विनंती.

कळावे,
कार्यालय व्यवस्थापक