ऊसतोड कुटुंबांतील मुलांबाबत – केंद्रातील सर्व वर्गशिक्षकांसाठी सूचना

नमस्कार. गळीत हंगाम सुरू झालाय, बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्यात. कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन मुलं शाळेत आणायची, हे दरवर्षीचंच. दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचाच आहे.

पण हजेरीपटावर नाव चढलं म्हणजे मूल वर्गात रुळलं असं होत नाही. ही मुलं बहुधा दाराजवळ बसतात, पोषण आहाराच्या पंगतीतही कडेलाच. म्हणून पहिल्या दिवशीच वर्गातला एक सोबती ठरवून द्या. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, खेळाचं साहित्य त्यानेच दाखवावं. परिपाठात त्यांच्याकडचं गाणं, कोडं म्हणू द्या; बोलण्याच्या ढंगाला कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. ‘ऊसतोड्यांची पोरं’ हे स्टाफरूममध्येसुद्धा नको, नावानं हाक मारा. (हे आपल्यालाच जास्त लागू आहे.) मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली, तर दोघांनाही बसवा, अंगणवाडीताईंशी नंतर बोलू.

पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने अशा एका मुलाविषयी दोन मिनिटं बोलायचं आहे. तक्ते, फोटो नकोत.

– केंद्रप्रमुख