आई-बाबांना, नशिबाबद्दल

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आपलं नशीबच फुटकं, त्याला कोण काय करणार?" ते मला काही केल्या पटेना. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचं नशीब मी जवळून पाहिलंय. रोज पहाटे नाशिकरोड गाठायचं, पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई, रात्री परत. डब्यात बाकीचे डुलक्या काढायचे, पण तुम्ही शेजारच्याची चौकशी केल्याशिवाय राहायचा नाहीत. इंदिरानगरचा फ्लॅट विकायला निघालाय, हे पासवाल्यांपैकीच एकानं सांगितलं ना? दादाच्या पहिल्या नोकरीचं कळलं तेही गाडीतच. काहींची तर आडनावंही तुम्हाला ठाऊक नव्हती. आई म्हणायची, "यांचं बरंय, बसल्या जागी कामं होतात." बसल्या जागी नाही गं, चार माणसांशी बोलल्यामुळे व्हायची ती.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच मांडलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारा होता, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. घरच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवीन काही कळायचं तर लांबच्या माणसाकडूनच.

इंग्लंडमधल्या रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आईला आवडेल. स्वतःला नशीबवान म्हणवणारे आणि कमनशिबी म्हणवणारे, दोघांच्या हातात त्यानं एकच वर्तमानपत्र दिलं आणि आतले फोटो मोजायला सांगितले. दुसऱ्याच पानावर अर्धं पान व्यापेल एवढ्या ठळक अक्षरांत छापलं होतं की मोजणं थांबवा, या अंकात ४३ फोटो आहेत. नशीबवान मंडळींना ते चटकन दिसायचं. कमनशिबी मात्र बहुतेक मोजतच राहायचे. मन धास्तावलेलं असलं की समोरचंही दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

दैवाचा वाटा मी नाकारत नाही, आई. निफाडला मामाच्या बागेवर गारा पडल्या, त्यात त्याच्या विचारांचा काय दोष? छाटणीपासून पोरासारखे जपलेले घड एका संध्याकाळी मातीत गेले. अशा वेळी त्याला कुणी 'चांगला विचार कर' असं सुनावलं तर मलाच राग येईल.

पण बाबा, बायपासला तुम्ही फुटकं नशीब म्हणता, तिथे मी भांडणार. छातीतली जळजळ पित्ताची समजून तुम्ही सोडा पीत होतात. लग्नात तुमचा एक जुना पासवाला भेटला, तुमच्या कपाळावरचा घाम पाहून म्हणाला, "उद्याच्या उद्या ईसीजी काढा." तुम्ही त्याचं ऐकलंत, म्हणून आज मी हे पत्र लिहू शकतेय. यापेक्षा मोठं नशीब मला तरी माहीत नाही.

म्हणूनच आताचं तुमचं घरात बसणं मला बघवत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, शेजारचे काका रोज गोदाघाटावर यायचा आग्रह करतात आणि तुम्ही 'बघू' म्हणून टाळता. १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, मला बोट धरून नेलंत ते तुम्हीच. आता वर्गणीसुद्धा भरलेली नाही. आणि आई, भजनी मंडळाच्या बायका दारात येऊन बोलावतात, तरी तुझं 'आता या वयात कुठे' संपत नाही. तुझा आवाज अजून किती गोड आहे, ते आम्हाला विचार.

शनिवारी मी येतेय. सावानाची वर्गणी आपण दोघं जाऊन भरू, बाबा. काकांना मात्र उद्याच 'येतो' म्हणून सांगा. आई, तू मंडळात जाऊन ये, आणि तिथे कोण कोण भेटलं ते मला सविस्तर सांग.

तुमची लेक