गोलकीपर उरलेल्या मुलांतून निवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात हंगामाची चाहूल लागली, की कोणत्या तालमीने, म्हणजे तिच्या फुटबॉल संघाने, कोणता स्ट्रायकर घेतला, बाहेरून कोण आले, याच्या बातम्या क्रीडा पानावर येऊ लागतात. गोलकीपरचे नाव मात्र सहसा दोनच वेळी छापून येते : टायब्रेकर (बरोबरीनंतरच्या पेनल्टी) जिंकला तेव्हा, नाहीतर हातातून चेंडू निसटून गोल झाला तेव्हा. तो चेंडू का निसटला याचे उत्तर बहुतेक वेळा त्या सामन्यात सापडत नाही. बारा ते सोळा या वयात त्या मुलाला काय शिकवायचे राहिले, तिथे ते सापडते. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट पालकांसाठी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आपल्या मुलांना सर्वाधिक वाव असलेली जागा कोणती, तर हीच. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सुरुवातीच्या हंगामांत डेव्हिड जेम्स, अपुला एडेल असे परदेशी गोलकीपर दिसले. पुढे क्लबांनी परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागा गोल करणाऱ्यांसाठी राखल्या आणि गोलमध्ये भारतीय मुले उभी राहिली. या जागेचे वयही लांबते. इटलीच्या दिनो झोफ यांनी 1982 चा विश्वचषक चाळिशीत जिंकला, इजिप्तचा एसाम अल हदारी 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी खेळला. आपल्याकडचे पाहा. गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमनी मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याच्या आयएसएल अंतिम सामन्यात हैदराबादकडून टायब्रेकरमध्ये तीन पेनल्टी अडवून गेला, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. गुरप्रीत सिंग संधू ईस्ट बंगालमध्ये सुरुवातीला राखीव होता, पैलान ॲरोजकडे उसना गेला, 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये दाखल झाला आणि तिथेही बराच काळ बाकावर बसला. सप्टेंबर 2019 मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने 0-0 असे रोखले, त्या सामन्यातला कर्णधार गुरप्रीत तेव्हा 27 वर्षांचा होता. संघात तीन गोलकीपर असतात आणि खेळतो एकच. त्यामुळे विसाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा खालच्या विभागात पूर्ण हंगाम खेळायला मिळणे केव्हाही चांगले. एकोणिसाव्या वर्षी ‘याचे काही खरे नाही’ म्हणून मुलाला बाजूला करणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

आता मूळ दुखणे. पेठेतल्या मैदानावर गोलमध्ये कोण उभा राहतो? जो धावायला जड आहे, ज्याचा पाय चालत नाही, किंवा जो सगळ्यांत लहान असल्यामुळे नाही म्हणू शकत नाही. 1992 मध्ये बॅकपास (सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू) हाताने उचलण्यावर बंदी आली, 2019 पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला देता येते. आजच्या गोलकीपरचे निम्मे काम पायाने होते, आणि आपण मात्र पायाने कमकुवत मुलगा शोधून तिथे उभा करतो. निवड करताना उंची, हाताची पोच, दोन्ही पायांनी चेंडू थांबवणे आणि ओरडून बोलायची सवय एवढे पाहावे. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला आठवड्यातून एक-दोनदा गोल सोडून मैदानात खेळू द्यावे.

दुसरी चूक गोलच्या मापाची. पूर्ण गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. दीड मीटर उंचीचा बारा वर्षांचा मुलगा उडी मारूनही वरच्या बारपर्यंत पोचत नाही. डोक्यावरून चार लॉब गेले, की तो गोलरेषेला चिकटतो आणि मग अठराव्या वर्षीही क्रॉसला (बाजूने गोलसमोर उंच येणाऱ्या चेंडूला) बाहेर येत नाही. लोक त्याला भित्रा म्हणतात. ती भीती आपणच मोठ्या गोलमध्ये उभे करून त्याच्यात घातलेली असते. तेरा वर्षांखालील मुलांना साधारण पाच बाय दोन मीटरचा गोल आणि चार नंबरचा चेंडू द्यावा. लोखंडी गोल परवडत नसेल, तर दोन बांबू रोवून दोन मीटरवर दोरी ताणली तरी भागते.

झेप टाकायला शिकवण्याची पद्धत तर फारच चुकते. कडक मुरमाच्या मैदानावर मुलाला उभे करतात, डावी-उजवीकडे चेंडू मारतात आणि ‘टाक अंग’ म्हणतात. जमीन लागते म्हणून मूल आधी कोपर टेकवते, कोपर टेकले की हात आखडतो आणि चेंडू बोटांखालून जातो. काही मुले पोटावर पडतात, त्यात वरचा हात मोकळा राहत नाही. खरा क्रम वेगळा आहे. आधी पाय पसरून बसायचे, चेंडू दोन्ही हातांत धरून कुशीवर पडायचे. मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, आणि शेवटी उभ्याने एक पाऊल टाकून. प्रत्येक टप्पा दोन्ही बाजूंना दहा-बारा वेळा. नावडत्या बाजूला थोडे जास्त. खाली झेपताना पोटरीची बाजू, मांडी, कंबर, बरगडी, खांदा या क्रमाने अंग टेकले पाहिजे. एक हात चेंडूच्या मागे, दुसरा वर, आणि जमीन म्हणजे तिसरा हात.

पहिले पाऊल कुठे पडते, ते प्रशिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. ते बाजूला आणि थोडे पुढे, तिरके पडले पाहिजे. मागे पडले तर गोलकीपर गोलच्या आत झेपतो, बोटे लागूनही चेंडू रेषा ओलांडतो, आणि बघणारे म्हणतात नशीब वाईट.

पडायला शिकवायची जागा कोल्हापुराला शोधत बसायची गरज नाही. आपले अनेक संघ मुळात तालीम मंडळे आहेत. जिथे आखाड्यात तांबडी माती आजही खणून मऊ ठेवली जाते, तिथे वस्तादांच्या परवानगीने, अनवाणी, सकाळची कुस्तीची मेहनत संपल्यावर अर्धा तास मुलांना द्यावा. पहिले तीन टप्पे तिथे उत्तम होतात. मॅटवर पडण्यापेक्षा मातीवर पडलेला मुलगा लवकर निर्धास्त होतो, कारण माती अंगाखाली थोडी सरकते. आखाड्याचा मान राखून हे सहज करता येईल. मैदानावरच करायचे असेल तर गोलपासून दूर तीन बाय दोन मीटरचा खड्डा, अर्धा हात खोल, चाळलेल्या वाळूने भरावा.

झेलण्याबद्दल थोडक्यात. छातीच्या वरचा चेंडू घेताना अंगठे जवळ आणि तळवे चेंडूच्या मागे. कमरेखालचा घेताना करंगळ्या जवळ, कोपरे अंगालगत. निसटणारा चेंडू बहुधा तळव्यांच्या मधून जातो, कारण हात चेंडूच्या मागे न जाता दोन्ही बाजूंनी टाळीसारखे येतात. आणि दमवून शिकवू नका. एक अडवणूक म्हणजे दोन सेकंदांचा स्फोट असतो. सलग तीस चेंडू मारले की पंधराव्यापासून मुलगा चुकीचे पडायला शिकतो. पाच-सहा चेंडू, मग मिनिटभर श्वास, हे पुरे.

बोटांच्या दुखापतीबद्दल मात्र कळकळीने सांगायचे आहे. चेंडू बोटाच्या टोकावर आदळला, की मैदानावर कोणीतरी ते धरून ओढतो, ‘कट’ असा आवाज आला की बसले म्हणतो. हे बंद करा. टोकाचे पेर खाली लोंबत असेल आणि मुलाला ते स्वतःहून सरळ करता येत नसेल, तर पेर सरळ ठेवणारा स्नायुबंध तुटलेला असू शकतो किंवा हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. एक्स-रे काढावा. उपचार बहुधा साधा असतो : टोकाचा सांधा पट्टीत सरळ ठेवणे, रात्रंदिवस, सहा ते आठ आठवडे. अंघोळीसाठी पट्टी काढतानाही बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचे. एकदा जरी वाकले तरी जुळत आलेला बंध सुटू शकतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. चौथ्या आठवड्यात ‘आता बरे वाटतेय’ म्हणून पट्टी काढून सामना खेळलेल्या मुलांची बोटे कायमची वाकडी राहतात. बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधणे हा मधल्या पेराच्या साध्या मुरगळण्यावरचा उपाय आहे, लोंबणाऱ्या टोकावरचा नव्हे.

ग्लोव्ह्जचे दोन जोड हवेत. मुरमावर सरावाला जुना, सामन्याला चांगला. नवा जोड कोमट पाण्यात धुऊन घ्यावा आणि खेळण्यापूर्वी तळवा ओला करावा. कोरड्या लॅटेक्सची पकड कमी होते आणि तो लवकर झिजतो. उन्हात वाळत घातला तर लॅटेक्सला तडे जातात. ओला जोड तळव्याला तळवा लावून पिशवीत कोंबला तर ते चिकटतात आणि सोडवताना थर निघून येतो.

डोक्याला मार लागला तर चर्चा नको. 2006 मध्ये रेडिंगविरुद्धच्या सामन्यात चेल्सीच्या पीटर चेकची कवटी फुटली, त्याच सामन्यात बदली गोलकीपर कुडिचिनीही जखमी झाला आणि बचावपटू जॉन टेरीला गोलमध्ये उभे राहावे लागले. आपल्या संघांत राखीव गोलकीपर अनेकदा नावापुरता असतो, म्हणून गरगरणारा मुलगा पाणी मारून पुन्हा उभा केला जातो. दुसरा तयार गोलकीपर नसेल तर संघाने नोंदणीच करू नये, असा नियम संघटनेने करावा.

नियमांचे भानही कमी पडते. गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर 2025-26 च्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून मोजतात. आघाडी असताना चेंडू कवटाळून पडून राहणे आता महागात पडते. पेनल्टीच्या वेळी किक बसेपर्यंत किमान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा मागे हवा. आधी सुटून अडवली तर किक पुन्हा होते. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पिवळे कार्ड. सामन्यात मिळालेली समज किंवा पिवळे कार्ड टायब्रेकरमध्ये पुढे धरले जात नाही, हे ठाऊक नसल्यामुळे काही गोलकीपर तिथे उगाच दबून खेळतात. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू 11 मीटर साधारण 0.4 सेकंदात कापतो. तेवढ्यात पाहून ठरवणे शक्य नसते. मारणाऱ्याचा टेकलेला पाय आणि कमरेचे वळण वाचावे लागते. हे वाचन सरावातच बसते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पेनल्टीचा सराव मोजून आणि नोंद ठेवून व्हावा.

एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) आणि भारतीय फुटबॉल महासंघाकडे गोलकीपर प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक संघाने एका माजी गोलकीपरला त्याचा खर्च द्यावा. बाहेरून आणलेल्या खेळाडूच्या मानधनापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल. एकट्या संघाला जमत नसेल तर तीन-चार तालमींनी मिळून एक प्रशिक्षक ठेवावा. गोलकीपर एकत्र शिकले म्हणून संघांची चुरस कमी होत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. गोल झाला की ‘गोलकीपरच्या चुकीमुळे’ एवढेच न लिहिता तो रेषेवर अडकला होता, क्रॉसला उशिरा निघाला, की त्याच्यासमोर तीन माणसे उभी होती, हे एका ओळीत लिहावे. तसेच त्याने कोणता क्रॉस वर जाऊन झेलला आणि कोणता लांब पास बाहेर येऊन कापला, तेही यावे. ती कात्रणे घेऊन मुले दुसऱ्या दिवशी सरावाला येतात.

आपले,
गोलकीपिंग शिकवणारे काही प्रशिक्षक,
कोल्हापूर