दिल्लीला लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

शनिवारी पहाटेचं विमान आहे. लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा. पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. तिच्यावर वॉट-अवर (Wh, म्हणजे तिच्यात किती वीज साठते ते) छापलेले असतात; १०० पर्यंत असतील तर निर्धास्त न्या. नुसतं एमएएच (mAh) लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणा, १००० ने भागा. म्हणजे २०,००० ची ७४ वॉट-अवर भरते. आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच राहू द्या, तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो.

तपासणीला लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, तेव्हा तो लाडवांच्या डब्याखाली दाबू नका. मागच्या खेपेला मी ट्रेमधून दुसऱ्याचाच काळा लॅपटॉप उचलला होता. तो माणूस धावत आला म्हणून निभावलं! तेव्हापासून माझ्या झाकणावर पिवळी चिकटपट्टी आहे. तुम्हीही काहीतरी खूण करा.

परतीला रेल्वे. रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बहुधा बंद असतात, त्यामुळे जेवणाआधीच चार्जिंग उरका.

एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतोय, बाकी कुणी आणू नका.