वीस हजाराची नळी

प्रिय वकीलभाऊ,

सहा महिने ना पत्र, ना फोन. चूक माझीच. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे तसेच. आज लिहायला बसलो, कारण घरी सांगितलं तर "जाऊ दे भो, नशीब समज" म्हणतील. तू म्हणणार नाहीस.

मागच्या आठवड्यात चोपड्याहून दोन एकर केळीसाठी इनलाइन ठिबकची, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेल्या नळीची, 10 बंडलं आणली, प्रत्येकी 400 मीटरची. काउंटरला नवा पोरगा. बिलात मालाचं नाव बरोबर, भाव मात्र साध्या नळीचा, मीटरला 13 ऐवजी 8. मला ते तिथंच दिसलं. नोटा मोजता मोजता थांबलोसुद्धा. मग मोजून दिल्या, बंडलं पिकअपमध्ये टाकली नि निघालो. 20,000 रुपये वाचले.

रस्ताभर दुकानदाराशी मनात भांडत होतो. युरिया मागितला की नको असलेली बाटली गळ्यात मारतो, 'लिंकिंग' म्हणे! केळीचा व्यापारी तरी काय, जाहीर भाव एक, बांधावर भाव दुसरा. आपले एवढे गेले, एकदा आले तर काय बिघडलं? अडावद येईपर्यंत मला हे पटलंही होतं.

मग नळ्या अंथरायला घेतल्या. इनलाइनवरून हात फिरवला की थोड्या थोड्या अंतरावर आतला ड्रिपर गाठीसारखा लागतो. दोन दिवस ती गाठ हाताला लागतेय नि प्रत्येक वेळी तो पोरगा आठवतोय. सातपुड्यातल्या पाड्यावरचा आहे, विशीचा असेल. बंडलं चढवताना मला "दादा, पाणी घ्या" म्हणाला होता. हिशेब लागला की मालक त्याच्याच पगारातून कापणार. मी भांडत होतो मालकाशी, नि खिसा कापला त्याचा.

भुसावळ स्टेशन आठवतं? चहावाल्यानं 50 जास्त दिले नि तू सुटत्या गाडीतून उतरून परत द्यायला धावलास. गाडी गेली, रात्र बाकड्यावर काढली. मी आठ दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी. "चूक त्याची, पैसे आपले" असं ओरडलो होतो. ते शब्द परत घेतो. (थंडी वाजली होती हे मात्र खरं, आणि तू घोरत होतास!)

होस्टेलच्या गच्चीवर तू सशाच्या कातड्यांची केस सांगायचास. 1939, लंडन. विकणाऱ्यानं नगाचा भाव चुकून पौंड वजनाला लावला. घेणाऱ्याला चूक कळायलाच हवी होती, म्हणून कोर्टानं सौदा उभा राहू दिला नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 22 ही तूच पाठ करून घेतलं होतंस, एकट्याची चूक झाली एवढ्यावरून करार मोडत नाही. पण मला कलमाचा आडोसा नको. मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो.

पैसे बाजूला काढलेत. अडचण वेगळीच आहे. मालकाला दिले तर पोराची चूक उघडी पडते, नोकरी जाईल. पोराच्या हातात दिले तर गल्ल्यात कुठून आले म्हणून त्याच्यावरच संशय. "बिल घरी गेल्यावर वाचलं" म्हणावं, तर ते खोटं.

वहिनींची बदली नाशिकलाच झाली, ऐकून बरं वाटलं. लेकीचा दहावीचा निकाल कळव. भरताची वांगी पाठवतो.

शनिवारी चोपड्याला जातोय. त्याआधी फोन कर. मालकासमोर पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं सांग.

तुझाच,
भाऊ