पुण्याच्या ताईंना, राउटरच्या चिपमधल्या २७ नंबरच्या ब्लॉकबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

"आभार कसले भाऊ, राउटर सुरू झाला ना, झालं तर मग," असं म्हणून तुम्ही त्या रात्री फोन ठेवलात. मी तेव्हा काही बोललो नाही. पण अभ्यासिकेतली पोरं रोज रात्री अकरापर्यंत त्याच राउटरवर असतात. तो कोणामुळे चालतो हे त्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आमचं गाव आर्णी तालुक्यातलं. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागूनच अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, जे निघेल त्याची तयारी करणारी वीस-बावीस पोरंपोरी तिथे बसतात. राउटर वर्गणीतून घेतलेला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी ही राउटर चालवणारी मोफत प्रणाली मीच टाकली होती. दिवाळीनंतर नवीन आवृत्ती चढवली आणि तो उठलाच नाही. दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. तालुक्याच्या एका दुकानात नेला, तर त्यांनी झाकण उघडूनही पाहिलं नाही. फेका म्हणाले, नवीन घ्या. ऐन वेचणीचे दिवस, घरोघरी मजुरी द्यायची होती. अशात पुन्हा वर्गणी मागायला कोणाच्या दारात जायचं?

तुमचा नंबर एका मुलीने तिच्या मावसभावाकडून मिळवला. ओळख ना पाळख, तरी ऑफिसातून घरी आल्यावर तुम्ही लागोपाठ तीन रात्री फोनवर बसलात.

पहिली रात्र तारांतच गेली. बोर्डावर सिरियलची, म्हणजे राउटर सुरू होताना काय म्हणतो ते संगणकावर वाचण्याची, टोकं होती, पण पिना नव्हत्या. मी बारीक तारा डाग देऊन लावल्या आणि संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टरला जोडल्या. "तीनच तारा, भाऊ. ग्राउंड, पाठवायची टीएक्स, घ्यायची आरएक्स. वीज देणाऱ्या व्हीसीसीला हात लावू नका, आणि कन्व्हर्टर ३.३ व्होल्टवर आहे ना ते आधी बघा," हे तुम्ही दोनदा बजावलंत. ११५२०० चा वेग लावला, तरी पडदा काळाच. तुम्ही म्हणालात, टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करा. केली, आणि ओळी धावायला लागल्या. शेवटी कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, चेकसम (तो शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) जुळत नाही असं येऊन सगळं थांबत होतं. एवढं कळलं आणि इकडची लाइन गेली.

दुसऱ्या रात्री आपण कर्नल पुसून पुन्हा लिहिलं. दोनदा लिहिलं, दोनदा तीच चूक. मधल्या दुपारी मला एकाने सांगितलं होतं की 'नॅन्ड स्क्रब' ही कमांड दिली की फ्लॅश, म्हणजे राउटरची साठवण चिप, कोरी होते. मी ती कमांड टाइप करून ठेवली होती, एंटर मारायचं तेवढं बाकी होतं. मी सहज बोललो आणि तुम्ही एकदम ओरडलात, "थांबा! आधी ते पुसा."

मग तुम्ही जे समजावलंत ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आपल्या नॅन्ड फ्लॅश चिपमध्ये १०२४ ब्लॉक, म्हणजे एकदम पुसले जाणारे कप्पे. प्रत्येक ब्लॉकमध्ये ६४ पानं, प्रत्येक पान २०४८ बाइटचं आणि त्याला ६४ बाइटचा समास. नॅन्ड फ्लॅश कारखान्यातूनच काही खराब ब्लॉक घेऊन येते. अशा चिपला किमान १००४ ब्लॉक चांगले निघतील एवढीच हमी असते. जे खराब निघाले, त्यांच्या समासात कंपनी खूण करून ठेवते. साधं इरेज त्या खुणा पाहून ते ब्लॉक सोडून देतं. स्क्रब त्या खुणाही पुसून टाकतं, आणि कारखान्यात कोणता ब्लॉक नापास झाला होता हे मग कोणीच सांगू शकत नाही. पुसण्याआधी खराब ब्लॉक दाखवणारी 'नॅन्ड बॅड' कमांड देऊन यादी कागदावर उतरवायची, ही सवय मला त्या रात्री लागली. आपल्या यादीत दोन ब्लॉक निघाले, दोन्ही पार शेवटाकडचे. कर्नलच्या जागेत एकही नव्हता.

म्हणजे दोषी ब्लॉक खुणेविनाच बसला होता. तिसऱ्या रात्री तुम्ही मला कर्नलच्या जागेतला एकेक ब्लॉक वाचायला लावलंत. मी आकडे वाचत होतो, तुम्ही तिकडे लिहून घेत होता. २७ नंबरवर चूक आली, चुका सुधारणाऱ्या ईसीसीलाही दुरुस्त न होणारी. तुम्ही ब्लॉकवर खराब अशी खूण करणारी 'नॅन्ड मार्कबॅड' कमांड द्यायला सांगितलंत आणि त्याआधी पत्ता माझ्याकडून तीनदा वाचून घेतलात. कर्नलला ४ एमबी जागा होती आणि ते स्वतः जेमतेम ३ एमबीचं. त्यामुळे १२८ केबीचा एक ब्लॉक गाळून पुढे सरकायला जागा होती. लिहिताना तो ब्लॉक सुटला, बूट होताना कर्नल चढवणाऱ्या बूटलोडरनेही तो सोडला.

माझे बाबा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे तासात धोंडा आला त डवरा उचलाचा न् पुढं टाकाचा, एवढंच ना?" तुम्ही म्हणालात, "अगदी तेवढंच, काका." बाबा आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतात.

कर्नलच्या पुढची सगळी जागा यूबीआय नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं, तिथला ब्लॉक बिघडला तर ते आपणच दुसऱ्यावर नेतं, हेही तुम्ही सांगितलंत. म्हणून त्या बाजूची काळजी मी सोडून दिली. राउटरच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तिन्ही खराब ब्लॉकचे पत्ते आहेत, आणि २७ पुढे तारीख.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या शाळेतला एक राउटर आला, अगदी तसाच अडलेला. मी आधी यादी उतरवून घेतली, मग बाकीचं. संध्याकाळपर्यंत तो सुरू झाला. शाळेचे सर पैसे देत होते, मी फक्त तारेचे घेतले.

पैशांचं नाव काढलं की तुम्ही रागावता. पण जानेवारीत आमची तूर निघेल. डाळ आई घरच्या जात्यावर भरडते. ती तुम्हाला घ्यावीच लागेल, तेवढा पत्ता कळवा.

तुमचा,
अभ्यासिकेशेजारचा दुरुस्तीवाला भाऊ
ता. आर्णी, जि. यवतमाळ